आजोबांची फौजी दुर्बीण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला कुठली दुर्बीण घ्यावी यावर लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या, चोरबाजारातून आणलेल्या जुन्या फौजी दुर्बिणींबद्दल. एवढी आली की यावेळचं सगळं सदर त्यांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र शब्दशः दिसलं नाही तरी उत्तर यात सापडेल.

प्रश्न: दादा, आमचं नौपाड्यातलं जुनं घर रिडेव्हलपमेंटला जातंय. माळा रिकामा करताना आजोबांच्या ट्रंकेत दुर्बीण मिळाली. तिच्यावर आर.ई.एल., कॅनडा, १९४३, ६×३० असं कोरलंय आणि इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण आहे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले एवढंच घरात माहीत आहे. कॅनडाला ते कधीच गेले नाहीत, मग ही आमच्याकडे कशी आली? (नौपाडा)

उत्तर: आधी एक विनंती, ती दुर्बीण ब्रासोने वगैरे घासू नका आणि रंगवूही नका, कोरलेली अक्षरं हीच तिची जन्मपत्रिका आहे.

६×३० म्हणजे चित्र सहापट मोठं आणि पुढची काच ३० मिलिमीटर रुंद. आर.ई.एल. म्हणजे रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड. १९४० मध्ये कॅनडा सरकारने टोरोंटोजवळ लीसाइडला हा कारखाना मुद्दाम युद्धासाठी उभारला. युरोपातून काच आणि ऑप्टिक्स येणं बंद झालेलं, ब्रिटनवर बॉम्ब पडत होते, आणि कॅनडात तोपर्यंत ऑप्टिकल काच बनतच नव्हती. वर्षभरात तिथे काच वितळायला लागली, मग दुर्बिणी आणि तोफांचा नेम धरायची साइट्स, शिवाय त्याच कंपनीत रडारही. युद्ध संपल्यावर काही काळातच कारखाना बंद झाला, म्हणून या नावाची दुर्बीण दिसली की ती युद्धातलीच.

बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. नुसता बाण असेल तर ब्रिटन, सी च्या आत बाण असेल तर कॅनडा, आणि बाणाखाली इंग्रजी आय असेल तर भारत. आपल्याकडे घराघरात जुन्या वस्तूंवर हा आय वाला बाण सापडतो आणि लोकांना वाटतं कुठल्यातरी कंपनीचा ट्रेडमार्क आहे.

आता इटली. भारतीय डिव्हिजन्स आणि कॅनेडियन कोअर दोन्ही तिथे ब्रिटिश आठव्या आर्मीत होते, एकाच आघाडीवर, आणि राष्ट्रकुलातल्या फौजांचं बरंचसं सामान एकमेकांकडे जायचंच. नाईक यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते याच इटलीच्या लढायांत, १९४४ आणि १९४५ ला. त्यामुळे मराठा पलटणीतल्या माणसाच्या ट्रंकेत कॅनडाची दुर्बीण असणं यात अशक्य काही नाही. आजोबांचा सर्व्हिस नंबर आणि पलटणीचे कागद त्याच ट्रंकेत असतील तर ते दुर्बिणीबरोबर एकत्र ठेवा, वेगळे झाले की दोन्हींची किंमत जाते, पैशांची नाही म्हणत मी.

प्रश्न: मी आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून काम केलं. नातवाने मोबाइलवर दाखवलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दुर्बिणी नॅश-केल्व्हिनेटर कंपनीने बनवल्या. ही तीच फ्रिजवाली केल्व्हिनेटर का? बॉडी टर्न करणं समजू शकतो, पण फ्रिजवाल्याला काचेचं काम कसं जमेल? (सावरकर नगर)

उत्तर: काका, हो, तीच. नॅश ही मोटारवाली आणि केल्व्हिनेटर ही फ्रिजवाली, दोघी १९३७ ला एकत्र आल्या, आणि युद्धात त्यांनी विमानाची इंजिनं, प्रोपेलर आणि एम-३ नावाची ६×३० दुर्बीण बनवली. त्या एकट्याच नव्हत्या. वेस्टिंगहाउसने एम-३ बनवली, स्वस्तातले कॅमेरे विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या युनिव्हर्सल कॅमेराने बनवली, आणि स्विचगिअरवाली स्क्वेअर डी, तिच्या सार्ड नावाच्या दुर्बिणी तर आजही नावाजल्या जातात.

पण तुम्ही बोट बरोबर जागी ठेवलंय. धातूचं काम कधीच अडचणीचं नव्हतं. ॲल्युमिनियमचं कास्टिंग, त्याला बोअर, थ्रेड, मधला बिजागर, हे कुठलंही चांगलं मशीन शॉप करू शकतं, वागळे इस्टेटमध्येही झालं असतं. युद्धात सगळ्यांचं घोडं अडलं ते काचेवर.

हे समजायला पहिल्या महायुद्धात जावं लागतं. आज आपण जी दुर्बीण वापरतो तिची प्रिझमची, म्हणजे उलटं चित्र सुलट करणाऱ्या काचेच्या ठोकळ्यांची, रचना इटलीच्या इग्नाझिओ पोरोने १८५४ ला पेटंट केली, पण ती चालेल एवढी स्वच्छ काचच तेव्हा मिळत नव्हती. १८८४ ला जर्मनीत येनाला ओटो शॉटने नव्या प्रकारच्या काचा बनवायचा कारखाना काढला, शेजारी सूक्ष्मदर्शकं बनवणारी झाइस कंपनी आणि तिचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे होतेच, आणि १८९४ पासून झाइसच्या प्रिझमच्या दुर्बिणी बाजारात आल्या. त्यानंतर वीस वर्षं सगळं जग येनाकडून काच घेत राहिलं कारण ती चांगली होती आणि स्वस्तही पडायची. १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनच्या लक्षात आलं की आपल्याकडे ऑप्टिकल काच बनवणारी कंपनी एकच, बर्मिंगहॅमजवळची चान्स ब्रदर्स, आणि ती गरजेच्या मानाने फारच थोडी बनवते. ब्रिटनचे जुने सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लोकांना जाहीर आवाहन केलं की घोड्यांच्या शर्यती बघायच्या तुमच्या दुर्बिणी सैन्याला द्या. १९१५ ला तर ब्रिटनने स्वित्झर्लंडमार्फत थेट जर्मनीकडूनच दुर्बिणी घेण्याची बोलणी केली, बदल्यात जर्मनीला हवं होतं रबर, आणि या बोलण्यांची नोंद ब्रिटनच्याच म्युनिशन्स म्हणजे दारूगोळा खात्याच्या अधिकृत इतिहासात आहे. ज्याच्यावर तोफा डागायच्या त्याच्याकडूनच नेम धरायची काच मागायची वेळ आली, यावरून परावलंबन काय असतं ते कळतं.

अमेरिकेचंही तेच झालं. १९१७ ला युद्धात उतरल्यावर कार्नेगी संस्थेच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीतले शास्त्रज्ञ, जे खडक आणि सिलिकेट यांचा अभ्यास करत होते, त्यांना रॉचेस्टरला बॉश अँड लोम्बच्या कारखान्यात काच वितळवायला पाठवलं. आणि नौदलाने लोकांकडून दुर्बिणी मागितल्या. फ्रँकलिन रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते तेव्हा नौदलाचे सहायक सचिव होते, आवाहन त्यांच्या नावाने निघालं. कायद्याने नौदलाला फुकट वस्तू घेता येत नव्हती म्हणून प्रत्येकाला १ डॉलर भाडं दिलं आणि युद्ध संपल्यावर शक्य तेवढ्या दुर्बिणी मालकांना परत केल्या. जवळपास ५० हजार आल्या होत्या.

आता काच एवढी कठीण का? तुम्ही लोखंडात आयुष्य काढलंय म्हणून सविस्तर सांगतो. वाळू साधी चालत नाही, लोहाचा अंश जरासा असला की काच हिरवट होते. खास मातीच्या मोठ्या कुंडात सगळं वितळवायचं, ते कुंडही काचेत विरघळतं आणि घाण करतं म्हणून कुंड बनवणं हीच वेगळी विद्या. मग वितळलेला रस तासन् तास ढवळायचा, कारण ढवळलं नाही तर साखरेच्या पाकासारख्या तारा आत राहतात आणि त्या तारांतून चित्र वेडंवाकडं दिसतं. बुडबुडे जायला हवेत. नंतर कुंड अनेक दिवस हळूहळू थंड करायचं, घाई केली की काचेत ताण राहतो. शेवटी कुंड फोडायचं, काचेचे ढेकळं निवडायचे, आणि इतकं करून बराच मोठा भाग बाद. शिवाय एक काच पुरत नाही, लेन्सला क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जाती लागतात, त्या जोडूनच कडेचे रंग मारले जातात.

त्यानंतर प्रिझम. एका दुर्बिणीत चार. प्लास्टरमध्ये अनेक प्रिझम एकत्र बसवून घासायचे, मग डांबराच्या थरावर रूज म्हणजे लोखंडाच्या लाल ऑक्साइडने पॉलिश. एका नळीतले दोन प्रिझम एकमेकांशी बरोब्बर ९० अंशांत बसले पाहिजेत, तिथे जेवढी चूक त्याच्या दुप्पट चित्र कलतं. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही नळ्या समांतर करायच्या, ज्याला कॉलिमेशन म्हणतात. पुढच्या लेन्सभोवती दोन एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य जरा एका बाजूला असलेल्या, रिंगा असतात, एकातली एक फिरवून लेन्स केसभर इकडेतिकडे सरकवतात. तुम्हाला यावर जास्त सांगायला नको! हे चुकलं तर बघणाऱ्याला डबल दिसतं किंवा डोळे ओढून धरून अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला ते परवडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात फ्रिजवाला हे करू शकला कारण काचेचा धडा आधीच्या युद्धात शिकून झाला होता. अमेरिकेने सरकारी ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काचेचं काम मधल्या शांततेच्या वर्षांतही चालू ठेवलं होतं, आणि कॅनडाच्या आर.ई.एल.लाही तिथली माहिती उपयोगी पडली. काच वितळवणारी ठिकाणं मोजकीच राहिली, बाकी काम जिग आणि गेज लावून छोट्या छोट्या ऑपरेशनमध्ये तोडलं, आणि ज्यांनी आधी कारखाना पाहिला नव्हता अशा हजारो बायका हे काम शिकल्या आणि उत्तम केलं. माझ्या टेबलवर आलेल्या एम-३ मी उघडून बघितल्यात, आतले स्क्रू, शिवणी, प्रिझमच्या पट्ट्या सगळं इतकं सरळ आणि साधं की दुरुस्त करणाऱ्याला आनंद व्हावा.

प्रश्न: आपल्याकडे भारतात युद्धाच्या वेळी दुर्बिणी बनायच्या का? (वाशी)

उत्तर: उपकरणांचं काम होत होतं. कलकत्त्याला मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट्स ऑफिस होतं, सर्व्हेच्या उपकरणांचा जुना सरकारी कारखाना, पुढे १९५७ ला त्याचीच जादवपूरची नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनी झाली. डेहराडूनची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४३ ची, ती युद्धाच्या गरजेतूनच आली आणि आजही आपल्या फौजेची साइट्स आणि दुर्बिणी डेहराडूनला बनतात. पण ऑप्टिकल काच स्वातंत्र्यानंतरच, कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली देशात बनायला लागली. ही काच बनवणारे देश तेव्हा जगात फार थोडे होते. या कामाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळी तरी हव्यात असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: ऐरोलीला राहतो. चोरबाजारातून काळी दुर्बीण घेतली, तिच्यावर डीनस्टग्लास ६×३०, नंबर आणि बी-एल-सी अशी तीन छोटी अक्षरं आहेत. दुकानदार म्हणाला हिटलरच्या सैन्याची. खरं का? मित्राच्या दुर्बिणीवर डी-ओ-डब्ल्यू आहे. अशी वस्तू घरात ठेवावी का? (ऐरोली)

उत्तर: अक्षरं, आतली घडण आणि वय एकमेकांशी जुळत असतील तर हो, जर्मन सैन्याची. डीनस्टग्लास हे सरकारी सेवेतल्या दुर्बिणीवर कोरलेलं असतं. युद्धात जर्मनीने कारखान्यांची नावं लपवायला अक्षरी कोड दिले, म्हणजे पकडलेल्या मालावरून कुठे बॉम्ब टाकायचे ते शत्रूला कळू नये. बी-एल-सी म्हणजे येनाची झाइस. बी-ई-एच म्हणजे वेट्झलारची लाइट्झ, सी-ए-जी म्हणजे ऑस्ट्रियातली स्वारोवस्की, जिचे स्फटिक आज मॉलमध्ये दागिन्यांत दिसतात. मित्राचा डी-ओ-डब्ल्यू म्हणजे चेक प्रदेशातल्या प्रेरोव्हची ऑप्टिकोटेक्ना, ताब्यात घेतलेल्या देशातला कारखाना, युद्धानंतर तीच मेओप्टा झाली. ई-यू-जी असतं तर वॉर्सा. जे-यू-एक्स असतं तर हॉलंडमधलं व्हेनलो, आणि त्याची गोष्ट आणखी जुनी: पहिल्या युद्धानंतरच्या तहाने जर्मनीला लष्करी ऑप्टिक्सवर बंधनं आली म्हणून झाइसने १९२१ ला हॉलंडमध्ये नेडिन्स्को नावाची कंपनी काढून काम चालू ठेवलं.

ठेवावी का हे विचारलंत ते बरं केलंत. माझं मत, ठेवा, पण पूर्ण माहितीसकट ठेवा. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत जर्मन कारखान्यांत, झाइसमध्येसुद्धा, परदेशातून धरून आणलेले हजारो लोक सक्तीने कामाला लावलेले होते. तुमच्या दुर्बिणीची काच उत्तम आहे आणि ती घासणारे हात कदाचित कैद्याचे आहेत, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. मुलांना दाखवाल तेव्हा दोन्ही सांगा. फॅशन म्हणून भिंतीवर लावायची ही वस्तू नाही.

येनाचं पुढे काय झालं तेही सांगतो. एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य तिथे पोचलं, जुलैत तो भाग रशियाकडे जाणार म्हणून त्यांनी झाइसचे निवडक तज्ञ पश्चिमेला नेले आणि त्यातून पश्चिम जर्मनीतल्या ओबरकोखेनची झाइस उभी राहिली. मग रशियाने १९४६ ला उरलेल्या कारखान्यातली बहुतेक यंत्रं उचलून नेली, सोबत माणसंही. आपल्याकडे ८० च्या दशकात टेन्टो नावाच्या ज्या दणकट रशियन दुर्बिणी यायच्या त्यांची घडण जुन्या झाइसशी इतकी मिळतीजुळती दिसते त्यामागे हा इतिहास आहे.

प्रश्न: नेरूळच्या तळवे पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला जाते. बाबांच्या मित्राकडे युद्धातली ७×५० आहे, फुकट देतायत. घेऊ का? बघितलं तर चित्र थोडं पिवळट आणि अंधुक वाटलं, आणि आत रेघा दिसतात, काच तडकलीय का? (नेरूळ)

उत्तर: आधी रेघांची तुमची काळजी दूर करू. एका नळीत बारीक आकड्यांची पट्टी असेल तर ती तडा नाही, अंतर मोजायची मोजपट्टी आहे. तिच्यातलं एक मिल म्हणजे १००० मीटरवर साधारण १ मीटर. २० मीटर लांबीचा पूल १० मिल दिसला तर तो २००० मीटरवर आहे. तोफखान्याचं सगळं गणित यावर चालायचं.

अंधुकपणाचं कारण कोटिंग. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. ६×३० सारख्या साध्या फौजी दुर्बिणीत एका बाजूला असे १० पृष्ठभाग, म्हणजे तुमच्या डोळ्यात पोचतो जेमतेम ६० टक्के. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ ला काचेवर अगदी पातळ थर देऊन हे परावर्तन मारायची पद्धत पेटंट केली आणि जर्मन लष्कराने ती गुपित ठेवली. अमेरिकेतही १९३० च्या दशकाच्या शेवटी मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर जमला. युद्धाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच दुर्बिणींना हा निळसर जांभळट थर असतो. पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, पांढरं दिसलं तर कोटिंग नाही, जांभळट दिसलं तर आहे. पिवळटपणा बहुतेक जुन्या काचेचा किंवा लेन्स चिकटवायला वापरलेल्या कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या चिकाचा.

७×५० नौदलासाठी होती. ५० ला ७ ने भागा, ७ मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ येतं, अंधारात माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. समुद्रावर रात्री पहाऱ्याला ती उत्तम. दिवसा उन्हात बाहुली २-३ मिलिमीटर, त्यामुळे बाकीचा प्रकाश वायाच, आणि वजन किलोभराच्या घरात, गळ्यात अडकवून सकाळभर फिरायला नको वाटेल. शिवाय या दुर्बिणींना मधलं फोकसचं चाक नसतं, पाणी आत जाऊ नये म्हणून दोन्ही डोळ्यांचं फोकस वेगळं फिरवायचं. उडत्या पक्ष्यामागे ते जमत नाही. फुकट मिळतेय तर नक्की घ्या, रात्री गच्चीवरून चंद्र आणि कृत्तिका बघा, पक्ष्यांसाठी मात्र आजकालची साधी ८×४२ बरी.

प्रश्न: घोडबंदर रोडच्या एका प्रदर्शनात पितळेची चकचकीत दुर्बीण मिळाली, वर केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन, १९१७ असं आहे, लाकडी पेटीसकट. किती जुनी असेल? (घोडबंदर रोड)

उत्तर: नवी आहे. केल्व्हिन अँड ह्यूज या जोडनावाची कंपनीच १९४७ ला झाली, तर १९१७ चं तिचं काही असणार कसं? रुडकीकडे पितळेची अशी शोभेची उपकरणं बनतात, कारागिरी छान असते, शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही, पण युद्धातली म्हणून जास्त पैसे देऊ नका. खरी फौजी दुर्बीण चकाकत नाही, चकाकली तर शत्रूला दिसेल, म्हणून ती काळी किंवा मातकट रंगवलेली असते.

प्रश्न: आतून कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलंय. उघडून पुसू का? (खारघर)

उत्तर: ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती येतेच, आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवली तर आणखी लवकर, कारण चामडं ओल धरून ठेवतं. केस वेगळी ठेवा, दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून गरम करून कोरड्या करा. महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरा. घरी उघडू नका, प्रिझम केसभर जरी हलला तरी दोन चित्रं दिसायला लागतील आणि जुळवणी घरी होत नाही. मायक्रोस्कोप किंवा सर्व्हेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, आणि देताना स्पष्ट सांगा की बॉडी रंगवायची नाही, अक्षरांना हात लावायचा नाही. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही, म्हणून पुढच्या पावसाची वाट बघू नका.